पायपेटी आणि जीपचे पाटे

काही माणसांना बिघडलेली वस्तू बघवत नाही आणि काहींना चांगली चाललेली. दानीएल सरांना दोन्ही बघवत नसत. तिसगावच्या शाळेत उभी हयात विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले, आणि तेव्हापासून घरातला मिक्सर, पंखा आणि बोअरची मोटार यांनी धास्ती घेतली होती. सरांनी दुरुस्त केलेला पंखा वारा द्यायचा, नाही असं नाही, पण तो छताला द्यायचा. एलिझाबेथबाई त्यावर कधी चकार शब्द बोलल्या नाहीत. उन्हाळ्यात त्या अंगणात खाट टाकून झोपत.

पण ही गोष्ट पंख्याची नाही, जीपची आहे. आणि खरं सांगायचं तर जीपचीही नाही, पेटीची आहे.

तिसगावच्या चर्चमध्ये एक पायपेटी होती. पायांनी भाता हलवायचा आणि हातांनी पट्ट्या दाबायच्या, अशी ती कपाटाएवढी थोराड वस्तू कुण्या मडमेने विलायतेला परत जाताना मागे ठेवली होती. एलिझाबेथबाई लग्न होऊन गावात आल्या त्याच्या पुढच्या रविवारी त्या पेटीवर बसल्या, आणि तेव्हापासून त्या जागी दुसरं कुणी बसलं नाही. गायनमंडळाच्या त्या प्रमुख. त्यांचा पाय पडला की पेटी एक लांब श्वास घ्यायची, आणि तो श्वास ऐकला की मंडळी खोकायची थांबायची.

चर्चमध्ये उपासना चालवायला नवीन पाळक आले कल्याणसाहेब. माणूस चांगला, पण नव्याचा भोक्ता. त्यांनी आराधना नावाच्या कॉलेजातल्या मुलीला कीबोर्डवर बसवलं आणि एके रविवारी एलिझाबेथबाईंना हळूच म्हणाले, "बाई, पेटी आता जुनी झाली. तिला आराम देऊ या."

"पेटी जुनी न्हाई झाली, साहेब," बाई म्हणाल्या. "तुमचे कान नवे हायेत."

हे वाक्य दुपारपर्यंत गावभर झालं. शेवटी पंचांनी बसून तोडगा काढला. डिसेंबरात बेलापूरला साऱ्या जिल्ह्यातल्या मंडळ्यांचा गायनाचा मेळावा होता. बाईंनी पेटी तिथे न्यावी आणि सगळ्यांसमोर वाजवून दाखवावी. नीट वाजली तर पेटी आणि बाई, दोघी जागच्या हलणार नाहीत. नाही वाजली तर पेटी कोठीच्या खोलीत. बाईंनी मान डोलावली आणि नवऱ्याकडे पाहिलं. दानीएल सर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "पेटी मी नेतो. माझ्या जीपने." बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, पण सरांना ते कौतुक वाटलं.

टेम्पो सांगितला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. शेजारचे कारभारी, ज्यांची पिठाची गिरणी होती, ते तसं म्हणालेसुद्धा. पण घरात जीप असताना टेम्पो सांगणं म्हणजे घरात बायको असताना खानावळ लावणं, असं सरांचं मत पडलं. कारभाऱ्यांकडे दोन चाकांचा छोटा ट्रेलर होता, तो जीपच्या मागे जोडायचा ठरला. यावर पंचांमध्ये नवा पेच निघाला, की ज्या ट्रेलरमधून कारभाऱ्यांचं शेणखत जातं त्यात देवाच्या घरातली पेटी जावी का. दोन बैठका झाल्या. ट्रेलर निरम्याने धुवावा, वाळवावा, आणि पाळकांनी त्याच्यावर एक छोटी प्रार्थना करावी, असा ठराव झाला. प्रार्थना छोटी झाली नाही, ते सोडा.

मग चाचणी. गायनमंडळ जीपमध्ये बसलं, पेटी ट्रेलरमध्ये चढली आणि ट्रेलर हुकाला लागला. त्यासरशी जीपने ढुंगण टेकलं. तोंड वर आलं ते इतकं, की सरांना समोर रस्ता दिसेना, चर्चच्या शिखरावरचा क्रूस दिसू लागला. क्रूसावर नजर ठेवून चालणं प्रवचनात ठीक असतं. शेवगावच्या रस्त्यावर ते चालत नाही.

"पाटे बसले, सर," कारभारी खाली वाकून म्हणाले. पाटे म्हणजे जीपच्या मागच्या चाकांवर एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. ओझं त्या झेलतात आणि धक्केही त्याच खातात. "पाटे वाढवा. नगरला खाजाभाई हाय. आख्ख्या जिल्ह्याच्या गाड्या त्यानं उभ्या केल्यात."

"पाटे म्हणजे शेवटी स्प्रिंगच," सर म्हणाले. "स्प्रिंगचा धडा मी जन्मभर शिकवलाय. त्याला नगर कशाला?"

समोरच्या घरातल्या झुंबरबाई म्हणाल्या, "त्यापरीस निम्म्या बाया यष्टीनं येऊ द्या की." साऱ्या प्रकरणात शहाणपणाचा म्हणता येईल असा हा एकच सल्ला होता, त्यामुळे तो कुणी ऐकला नाही.

सरांनी शास्त्रोक्त सुरुवात केली. पाटे किती वाढवायचे हे ठरवायला आधी वजन कळायला हवं. कारभाऱ्यांच्या गिरणीत मोठा काटा होता. पण एलिझाबेथबाईंनी साफ बजावलं, "बायांना काट्यावर उभं करू नका. मंडळ फुटंल. खालच्या पट्टीत गाणाऱ्या आधीच रुसलेल्या हायेत." तेव्हा सरांनी प्रत्येकाला अदबीने विचारून वजन लिहून घेतलं. बायकांनी लग्नातलं वजन सांगितलं आणि पुरुषांनी मनातल्या पैलवानाचं. सरांना ते कळत होतं, पण एकीकडची चूक दुसरीकडची चूक खाऊन टाकते असा शास्त्राचा नियम आहे, असं ते म्हणाले. नियम असेलही. तिसगावच्या गायनमंडळात बायका जास्त आणि पुरुष दोनच होते, एवढं नियमाला माहीत नव्हतं.

नगरच्या भंगारबाजारातून त्यांनी जुने पाटे आणले. "जोडीच हाय, सर, सख्खी जोडी," भंगारवाल्याने शपथ घेतली होती. अंगणात विटांवर जीप चढवून सर गोणपाटावर पाठ टेकून खाली शिरले. बाहेर फक्त पाय राहिले. त्यानंतर गावातून जो जो गेला तो सरांच्या पायांशी बोलून गेला. एक जुना विद्यार्थी, आता तहसील कचेरीत लागलेला, बराच वेळ पायांसमोर हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "सर, पेन्शन वेळेवर येत नाही का?" सर आतून काही बोलले, पण तेवढ्यात तोंडात माती पडली.

पाटे आवळून धरणारे यू-बोल्ट गंजून एकजीव झाले होते. सरांनी रॉकेल ओतलं. कारभाऱ्यांनी पान्ह्याला लोखंडी पाइप जोडला. झुंबरबाईंनी चहा आणला आणि तिथेच ठाण मांडून बसल्या. मग कारभारी पाइपला लोंबकळले, नट एकदम सुटला, आणि कारभारी जास्वंदीत जाऊन बसले. जास्वंद एलिझाबेथबाईंच्या आईने लावलेली होती. बाई दारात आल्या, जास्वंदीकडे पाहिलं, कारभाऱ्यांना कुठं लागलं का विचारलं आणि आत गेल्या. सरांना त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी जीप विटांवरून खाली उतरली आणि डाव्या अंगाला कलून उभी राहिली, घरातला वाद हरलेला माणूस उभा राहतो तशी. भंगारवाल्याच्या सख्ख्या जोडीतला एक पाटा जीपचा होता आणि दुसरा कसल्याशा टेम्पोचा. उजवी बाजू ताठ आणि डावी ढिली.

"त्यात काय एवढं," झुंबरबाई म्हणाल्या. "जाड्या बाया उजवीकडं बसवा."

हे त्यांनी गायनमंडळाच्या देखत म्हटलं. चाचणीला आलेल्या साऱ्या बायका जीपमध्ये चढल्या आणि एकूण एक डावीकडे बसल्या. उजवीकडे बसायला कोणी तयार होईना. जीप आणखी कलली. सरांनी भाराच्या समतोलाविषयी दोन शब्द सांगायचा प्रयत्न केला, तर खालच्या पट्टीतल्या दोघी उतरून घरी निघून गेल्या, आणि त्यांना परत आणायला पाळकांना जावं लागलं.

त्या दिवशी जेवताना एलिझाबेथबाई म्हणाल्या, "अहो, उद्या नगरला जा. खाजाभाईकडं." मग ताटाकडे बघत म्हणाल्या, "मला ती पेटी पायजे. दुसरं काय न्हाई मागितलं मी कधी."

सरांनी मान वर करून पंख्याकडे पाहिलं. मनात आलं, की हिला त्या पंख्याचा वारा आजवर एकदाही लागला नाही. पण हे म्हणायचं कसं, ते त्यांना कोणत्याच धड्यात शिकवलेलं नव्हतं. "जातो," एवढंच म्हणाले.

खाजाभाईंचं गॅरेज नगरात शिरताना लागतं. खाजाभाई भरदार माणूस, पांढरी दाढी, मेंदीने लालसर केलेली. त्यांनी जीपच्या खाली डोकावून पाहिलं, बाहेर आले, आणि आसपासच्या दुकानदारांना हाक मारून म्हणाले, "या, या, बघून जा." माणसं जमली. सगळ्यांनी आळीपाळीने वाकून पाहिलं.

"सर, कुणाचं काम हे?"

"आहे आमच्याकडे एक मिस्त्री," सर म्हणाले.

"तुमच्या नात्यातला आहे का? म्हणजे मग मी काय बोलत नाही."

"छे, छे. नीट ओळखसुद्धा नाही."

"परत भेटला तर विचारा त्याला, आमच्या जिवावर का उठला म्हणून."

"मी त्या माणसाला ओळखतच नाही," सर म्हणाले, आणि समोरच्या चिकनच्या दुकानात, पिंजऱ्यातल्या कोंबड्याने बांग दिली. दर रविवारी देवळात बसणाऱ्या माणसाला, शिष्याने आपल्या प्रभूला तिसऱ्यांदा नाकारल्यावर आरवलेल्या बायबलातल्या कोंबड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

इज्जत एकदा गेली की माणूस ती मोठ्या आवाजाने परत मिळवू बघतो. सर म्हणाले, "हे बघा खाजाभाई, काय टाकायचे ते पाटे टाका. पण माझी गाडी पुन्हा बसता कामा नये."

"नेणार काय आहात?"

"पेटी. मोठी पेटी. लई जड," सर म्हणाले. विज्ञान शिक्षकाला वजनाचा आकडा सोडून "लई जड" म्हणावं लागलं, यावरून त्यांची अवस्था ओळखावी.

खाजाभाईंच्या डोळ्यांत चमक आली. त्यांच्या आयुष्यात एकच तक्रार यायची, गाडी बसते. गाडी बसतच नाही अशी तक्रार घेऊन आजवर कुणी आलं नव्हतं, त्यामुळे तसंही काही दुखणं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. "सर, बसली तर खाजा नाव लावणार नाही," ते म्हणाले, आणि जुने पाटे सगळे काढून त्यांनी नवे जाडजूड पाटे चढवले, वर मजबूत शॉकअप बसवले. "आता ऊस भरा, खडी भरा. हत्ती बसवा."

"जरा जास्त होत नाहीये ना?" सरांनी विचारलं. पण हळू विचारलं. मघाच्या परीक्षेनंतर मोठ्याने शंका विचारायची त्यांची छाती नव्हती. वरून पान्ह्यांचा खणखणाट चाललेला. प्रश्न तिथेच विरला.

परत येताना करंजी घाटात सरांना कळलं, की आपण आगीतून निघून फुफाट्यात आलो आहोत. जीप चालत नव्हती, उड्या मारत होती. रस्त्यावरचा खडा ओलांडला तरी मणक्यात निरोप पोचायचा. चष्मा दोनदा मांडीवर पडला. डब्याचं झाकण उडालं आणि वांग्याची भाजी मागच्या सीटवर सांडली. घरी पोचले तेव्हा त्यांना जिना चढायला कारभाऱ्यांनी हात दिला.

"गाडी लई उंच झाली, सर," कारभारी म्हणाले.

"भार पडला की बसेल," सर म्हणाले.

ती बसली नाही. निघायच्या सकाळी गायनमंडळ चर्चमधल्या स्टुलावर पाय देऊन एकेक करून चढलं, दोन्ही जाड्या आवाजाचे पुरुष चढले, खालच्या पट्टीतल्या दोघी मानाने मध्यभागी बसल्या, ट्रेलरमध्ये पेटी चढली, आणि जीप तसूभर हलली नाही. खाजाभाईंचा शब्द खरा होता. नाकापेक्षा मोती जड, तसं झालं होतं. जीप म्हातारी आणि पाटे पैलवान. हूक वर गेल्यामुळे ट्रेलरचंही तोंड वर झालेलं, पेटी मागे कललेली. सरांनी घरातल्या सगळ्या गोधड्या आणि दोन गाद्या आणून पेटीभोवती कोंबल्या आणि दोरांनी आवळल्या. टेम्पो सांगायचं पुन्हा एकदा मनात आलं. पण सगळं गाव निरोपाला उभं होतं. पाळकसाहेब घड्याळ बघत होते. आणि एलिझाबेथबाई ठेवणीतलं पांढरं पातळ नेसून पुढच्या सीटवर केव्हाच बसल्या होत्या.

शेवगावपर्यंत बायका हसत होत्या. प्रत्येक खड्ड्याला सगळं मंडळ एकदम हवेत जायचं आणि एकदम खाली यायचं, तालात. नेवाशाकडे वळल्यावर हसणं थांबलं आणि त्यांनी गीत धरलं. पण कडव्याच्या मध्येच गतिरोधक आला आणि वरचा स्वर किंकाळी होऊन बाहेर पडला, तेव्हा गीतही थांबलं. मागे ट्रेलर आदळायचा, आणि गाद्या, गोधड्या, दोर या सगळ्यांतून एक घुमणारा आवाज यायचा. विहिरीत घागर आपटावी तसा. सर जीप हळू हाकत होते, पण ती हळूही आदळायची. एलिझाबेथबाईंनी बाजूच्या आरशावरून नजर काढली नाही. सरांना वाटत होतं, बाई काही तरी बोलतील. आरशात पेटी दिसत होती, तिच्याकडे त्या पाहत होत्या, आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारख्या.

बेलापूरला मांडव भरलेला. गावोगावच्या मंडळ्या, एकमेकांना सलाम, चहा, खुर्च्या. सरांनी स्वतः दोर सोडले. गोधड्या बाजूला झाल्या आणि पेटी बाहेर आली. एक ओरखडा नाही. लाकूड चकाकत होतं. सरांच्या जिवात जीव आला. त्यांनी रुमालाने पेटी पुसली आणि आजूबाजूला बघितलं, कुणी पाहतंय का म्हणून. आराधनाही आली होती, तिच्या खांद्याला कीबोर्डची पिशवी होती. "असाच आणलाय, सर," ती ओशाळून म्हणाली.

तिसगावचं नाव पुकारलं गेलं. एलिझाबेथबाई पेटीवर बसल्या. पदर सावरला. मांडव शांत झाला. बाईंनी पाय टाकला.

पेटीने श्वास घेतला. तो आत गेला, आणि कुठेतरी आतल्या आत, फाटक्या भात्यातून निघून गेला. बाईंनी पुन्हा पाय टाकला. या वेळी एक स्वर वाजला. कोणतीही पट्टी दाबलेली नसताना, आपला आपण, लांब आणि बारीक. बाईंनी पट्टी दाबली तरी तोच वाजला. दुसरी दाबली तरी तोच. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. बाई पाय मारत राहिल्या. मग तोही स्वर थांबला, आणि नुसता वाऱ्याचा फुसफुसाट उरला.

पाळकांनी आराधनाला खूण केली. तिने डोळे खाली घालून कीबोर्ड मांडला. मंडळ गायलं, आणि चांगलं गायलं, हे सांगायला हवं. एलिझाबेथबाई मुक्या पेटीसमोरच बसून राहिल्या, हात मांडीवर ठेवून, आणि सगळी कडवी त्यांनी म्हटली.

दानीएल सर मांडवाच्या खांबाशी उभे होते. आपण खाली बसावं की पळून जावं हे त्यांना कळत नव्हतं. गीत संपल्यावर कल्याणसाहेब, यष्टीने आलेले दोन पंच आणि मंडळातल्या बायका पेटीभोवती जमल्या. पाळकांच्या आवाजात विजय नव्हता, हे त्यांचं चांगलेपण.

"बाई, काय झालं हो पेटीला? इथवर तर येताना..." ते म्हणाले, आणि त्यांची नजर जीपकडे गेली. पंचांचीही गेली. बायकांचीही गेली.

सर पुढे आले. सांगायचं ठरवूनच आले होते. पाटे, वजन, भंगारवाला, कोंबडा, सगळं. तोंड उघडलं.

"काय हुनार, साहेब," एलिझाबेथबाई म्हणाल्या. पेटीचं झाकण त्यांनी हळू लावलं. "जुनी झाली हुती. तुमी म्हनत हुता तेच खरं."

पाळकांनी मान खाली घातली. पंच पांगले. सरांचं तोंड तसंच उघडं राहिलं. त्यांना वाटलं, हिने आपल्याला चारचौघांत दोन शिव्या घातल्या असत्या, तर आपण त्या जन्मभर सुखाने वागवल्या असत्या.

परतीला मंडळातली सगळी माणसं यष्टीने जाणार म्हणाली. कारण कोणी सांगितलं नाही आणि सरांनी विचारलं नाही. जीपमध्ये दोघंच राहिली. मागे ट्रेलरमध्ये गोधड्यांत गुंडाळलेली पेटी, कोठीच्या खोलीत जायला निघालेली. तिच्यात आता मोडण्यासारखं काही उरलं नव्हतं. रस्ता रिकामा होता, आणि सरांना लवकर घरी जाऊन अंधारात कुठेतरी बसायचं होतं. त्यांनी गाडीचा वेग वाढवला.

बाईंनी आरशात पाहिलं.

"अहो, हळू चालवा," त्या म्हणाल्या. "मागं पेटी हाय."

सरांनी जीप हळू केली.